मूठभर भिजवा, मग किलोभर आणा
वाल, राजमा आणि बाकीची कडधान्यं: निवडण्यापासून डब्यात भरण्यापर्यंत

पावसाळा तोंडावर आला की वाचकांचे तेच तीन-चार प्रश्न येतात. "वालाला मोडच आले नाहीत, उलट वास आला." "राजमा चार शिट्ट्या करूनही टचटचीत राहिला." "डब्यात भुंगे झाले, आता सगळं टाकायचं का?" रायगड जिल्ह्यातल्या रसायनी, मोहोपाडा, चौक, कर्जत या पट्ट्यातून हे प्रश्न जास्त येतात आणि त्याला कारण आहे. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल घेणारा हा मुलूख. त्यामुळे घराघरात वर्षाचे वाल भरले जातात. पुढे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की मीठसुद्धा बरणीत पाणी सोडतं. शिवाय १९६० नंतर कारखाने आले, वसाहती झाल्या, देशभरातली माणसं शेजारी आली. एकाच मजल्यावर एका घरी बिरडं, दुसऱ्या घरी राजमा आणि तिसऱ्या घरी कुळथाचं पिठलं शिजू लागलं. प्रत्येक दाण्याची रीत निराळी असते, ती मात्र शेजाऱ्याकडून पूर्ण कळतेच असं नाही.

एक गोष्ट आधी सांगून ठेवते. कडधान्य बिघडलं की आपण पाण्याला, गॅसला, कुकरला दोष देतो. बहुतेक वेळा निकाल त्याआधीच लागलेला असतो. दाणा किती जुना आहे आणि किती कोरडा राहिला आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून सुरुवात खरेदीपासून करू.

घेताना काय पाहाल?

नवे वाल साधारण फाल्गुन-चैत्रात बाजारात येतात. वर्षाचा साठा करायचा तो तेव्हाच. श्रावणात जे 'नवे' म्हणून मिळतात, ते बहुधा त्याच चैत्रातले किंवा त्याआधीच्या वर्षाचे असतात.

- दाताची परीक्षा: दाणा दाताखाली धरा. कटकन तुटला तर कोरडा. दात रुतला किंवा दाणा चेपला तर ओल शिल्लक आहे, असा दाणा साठवणीला चालत नाही.
- डोळ्याची परीक्षा: दाण्यावर चिकटलेले पांढरे ठिपके म्हणजे भुंगेऱ्याची अंडी. टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक दिसलं तर भुंगा बाहेर पडून गेलाय. ही कीड बऱ्याचदा शेतातूनच येते, त्यामुळे 'दुकान स्वच्छ आहे' एवढ्यावर विसंबू नका.
- रंगाची परीक्षा: सुके हिरवे वाटाणे नको इतके हिरवेगार दिसले तर थोडे दाणे काचेच्या पेल्यात पाण्यात टाका आणि अर्धा तास न ढवळता ठेवा. पाणी हिरवं झालं तर वाटाणे रंगवलेले आहेत.
- मुठीची परीक्षा: ही सगळ्यांत खरी. पाच किलो घेण्याआधी मूठभर वाल घरी आणा. मोजून पन्नास दाणे भिजवा, मोड आणा. पंचेचाळीसच्या वर मोडले तर निर्धास्त घ्या. निम्मे तसेच राहिले तर तो माल जुना आहे, दुसरीकडे पाहा.

वाल घेताना नावांचा घोळही होतो. कडवे वाल लहान, तपकिरी आणि चवीला किंचित कडसर असतात. बिरड्याला हेच हवेत. गोडे वाल आणि पावटे आकाराने मोठे आणि फिकट असतात, त्यांचा कडूपणा कमी. पोपटीला लागतात त्या वालाच्या ओल्या शेंगा. सुके वाल मडक्यात घालून पोपटी होत नाही.

भिजवणं: किती वेळ, कोणतं पाणी

आधी निवडा, पाखडा, दोन-तीन पाण्यांनी धुवा. मग दाण्याच्या तिप्पट-चौपट पाणी घाला. एक वाटी सुकं कडधान्य भिजून दोन ते अडीच वाट्या होतं, तेव्हा भांडं मोठं घ्या.

- मूग, मटकी, चवळी: ६ ते ८ तास
- वाल, हरभरे, कुळीथ: ८ ते १० तास
- राजमा, छोले, काळे वाटाणे: १० ते १२ तास

एप्रिल-मे महिन्यात ओट्यावर बारा तास ठेवलेलं पाणी आंबतं, फेस येतो. तेव्हा मधे एकदा पाणी बदला किंवा भांडं सरळ फ्रिजमध्ये ठेवा. तिथे भिजायला थोडा जास्त वेळ लागतो, पण वास येत नाही.

भिजवलेलं पाणी टाकायचं की वापरायचं? वाल आणि राजम्याचं पाणी नक्की टाका. वालातली कडू आणि त्रासदायक द्रव्यं काही प्रमाणात त्या पाण्यात उतरतात. मूग-मटकीचं पाणी टाकलं तरी फार काही गमावत नाही आणि पोटात वायू धरण्याची तक्रार थोडी कमी होते.

भिजवायला विसरलात तर? कडधान्य पाण्यात घालून दोन-तीन मिनिटं खळखळून उकळा, गॅस बंद करा, तासभर झाकून ठेवा. ते पाणी ओतून नव्या पाण्यात शिजवा. ही युक्ती फक्त शिजवण्यापुरती. उकळलेल्या दाण्याला मोड येत नाहीत.

वालाचं बिरडं: मोडापासून ताटापर्यंत

बिरड्याला दीड ते दोन दिवस लागतात. रविवारी दुपारी जेवायचं असेल तर शुक्रवारी रात्रीच वाल भिजत घाला.

१. उपसा. शनिवारी सकाळी वाल उपसून रोवळीत किंवा चाळणीत पूर्ण निथळू द्या. मोड न येता वास येण्याचं पहिलं कारण इथेच घडतं: पाणी निथळलेलं नसतं.

२. न भिजलेले दाणे वेचा. जे दाणे फुगलेच नाहीत, खड्यासारखे राहिले, ते गणंग. ते मोडतही नाहीत आणि शिजतही नाहीत. दाताखाली आले तर दात दुखावतो. ते आत्ताच काढा.

३. बांधा. ओलसर सुती फडक्यात बांधून चाळणीत ठेवा, वर झाकण ठेवा. पुरचुंडी फार घट्ट बांधू नका, दाण्याला हवा लागते. ढीग मोठा असेल तर दोन पुरचुंड्या करा, नाहीतर मधले दाणे तापून चिकट होतात.

४. ऊब द्या. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड डोकावतात. थंडीत आणि पावसात पूर्ण दिवस लागतो. तेव्हा पुरचुंडी डब्यात ठेवून डबा जाड कपड्यात गुंडाळा. फडकं वाळलं तर पाण्याचा हात लावा, पाणी ओतू नका.

५. सोला. मोड आलेले वाल पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात टाका. साल सुटते. दाणा चिमटीत धरून दाबला की डाळिंबी टुपकन बाहेर येते. घरातल्या सगळ्यांना परातीभोवती बसवा. एकटीने अर्धा किलो वाल सोलायचे म्हणजे सकाळ गेली.

६. शिजवा. तेलात मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता. आवडीप्रमाणे कांदा किंवा वाटण. डाळिंब्या घालून हलक्या हाताने परता. ताटलीवर पाणी ठेवून मंद आचेवर वाफ काढा आणि लागेल तसं तेच गरम पाणी आत घाला. पंधरा-वीस मिनिटांत डाळिंबी बोटाने चेपली जाते, तेव्हा ती शिजली. आता आमसूल, गूळ, मीठ. शेवटी ओलं खोबरं, कोथिंबीर.

दोन चुका टाळा. डाळिंब्या कुकरमध्ये घालू नका, लगदा होतो. आणि आमसूल आधी घालू नका. आंबट पदार्थाने दाण्याचं मऊ होणं अडतं. हे चिंच, टोमॅटो सगळ्यांना लागू आहे. उसळ शिजत नाही म्हणून हैराण झालेल्या कितीतरी जणींचा टोमॅटो फोडणीतच पडलेला असतो.

चिकट झाले, वास आला तर? नुसता वालाचा उग्र वास स्वाभाविक आहे, दोन पाण्यांनी धुतल्यावर तो उतरतो. तार सुटत असेल, आंबूस वास धुऊनही जात नसेल, तर टाकून द्या. मसाल्याने वास झाकला जाईल, पोटातली गडबड टळणार नाही.

राजमा: एवढा एक नियम मोडू नका

वालावर वाढलेल्या घरात राजमा उशिरा आला, त्यामुळे त्याचा धोका कमी जणांना ठाऊक आहे. कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, लेक्टिन प्रकारचं एक विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्चे किंवा अर्धकच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत जोरदार उलट्या, मग जुलाब होऊ शकतात.

- रात्रभर भिजवा, पाणी टाका, दाणे धुवा.
- नव्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळा, मग पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. प्रेशर कुकरमध्ये नीट शिजवलेला राजमा सुरक्षित असतो.
- सौर कुकर, मंद आचेचा विजेचा कुकर किंवा उष्णता धरून ठेवणाऱ्या डब्यात राजमा थेट घालू नका. तिथे तापमान उकळीपर्यंत जात नाही आणि कमी आचेवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. आधी दहा मिनिटं उकळा, मग हवं तिथे ठेवा.
- राजम्याला मोड आणून कोशिंबिरीत घालू नका.

मूग-मटकीचे कच्चे मोड निरोगी माणसाला सहसा चालतात, पण उबदार ओलाव्यात जंतूही वाढतात. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस आणि आजारी माणूस यांना मोड वाफवूनच द्या.

कुकरचा हिशेब

शिट्ट्या मोजण्यापेक्षा मिनिटं मोजा, कारण प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळी. पहिली शिट्टी झाली की आच मंद करा आणि भिजवलेल्या दाण्यांना असा वेळ द्या:

- चवळी: ८ ते १० मिनिटं
- हरभरे, काळे वाटाणे: १५ ते २० मिनिटं
- राजमा, छोले, कुळीथ: २० ते २५ मिनिटं

वाफ आपोआप उतरू द्या. दाणे थेट कुकरात शिजवताना पाण्यासकट कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. कडधान्याचा फेस आणि सुटलेली सालं वाफेच्या छिद्रात अडकतात. चमचाभर तेल घातलं तर फेस कमी येतो.

तरीही शिजत नसेल तर? कारण शोधा, मग उपाय करा.

- पाणी जड आहे. एकाच इमारतीत नळ आणि बोअर असं दोन्ही पाणी येत असेल तर भिजवायला आणि शिजवायला नळाचं घ्या. साबणाला फेस येत नाही ते पाणी जड, त्यातल्या चुन्यामुळे दाण्याचं साल टणक राहतं.
- दाणा जुना आहे. एक लिटर पाण्यात मोठा चमचाभर मीठ घालून त्यात रात्रभर भिजवा, सकाळी धुऊन साध्या पाण्यात शिजवा. 'मीठ घातलं की दाणा शिजत नाही' हा समज भिजवण्याच्या पाण्याला लागू नाही, उलट साल मऊ पडतं.
- सोडा घालावा का? चिमूटभराने काम होतं, पण ब जीवनसत्त्व कमी होतं, चव साबणासारखी लागते आणि दाणा फुटतो. शेवटचा उपाय म्हणूनच वापरा.
- काहीच चालत नाही. भिजून फुगलेले जुने दाणे (राजमा सोडून) वाटून त्यांचे वडे किंवा आमटी करा. कुकरमध्ये तासभर गॅस जाळण्यात अर्थ नाही.

साठवण: मृगाआधी उरकायची कामं

१. ऊन. कापडावर पातळ पसरून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा. संध्याकाळी आत घ्या.

२. गार करा. उन्हातून आणलेले गरम दाणे लगेच डब्यात भरणं ही सगळ्यांत मोठी चूक. आत वाफ धरते, झाकणाला पाणी सुटतं आणि बुरशी येते. रात्रभर गार होऊ द्या.

३. लेप द्या. किलोला छोटा चमचाभर, म्हणजे सुमारे ५ मिली, खाद्यतेल किंवा एरंडेल हाताने चोळा. तेलाचा पातळ थर भुंगेऱ्याची अंडी मारतो. गावाकडची राखेची रीतही चांगली आहे. लाकडाची राख चाळून, कोरडी करून वालात मिसळा. बियाण्याच्या वालाला राख अधिक बरी. खाण्याच्या वालाला लावलीत तर वापरताना चार पाण्यांनी धुवा. प्लास्टिक किंवा रंगीत कागद जळलेल्या चुलीची राख मात्र घेऊ नका.

४. भरा. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा किंवा काचेची बरणी काठोकाठ भरा. आत हवा कमी म्हणजे कीड कमी. डबा भिंतीला टेकवू नका, जमिनीवर ठेवू नका, खाली पाट किंवा फळी द्या.

५. दोन डबे ठेवा. रोजचा छोटा आणि साठ्याचा मोठा. मोठा डबा महिन्यातून एकदा, पाऊस थांबलेला असताना, कोरड्या हाताने उघडा. मी एका आषाढात ओलं वाटीचं माप डब्यात तसंच विसरले होते. पंधरा दिवसांनी वरचा थर हिरवा झाला होता.

६. महिना लिहा. डब्यावर चिठ्ठी: 'कडवे वाल, चैत्र' आणि साल. नवे डबे मागे, जुने पुढे.

कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायला हरकत नाही. किडीला तो काही प्रमाणात दूर ठेवतो, पण आधीच लागलेली कीड मारत नाही. ओला पाला घातलात तर उलट ओलच आत गेली.

फ्रीजर असेल तर साठा छोट्या पिशव्यांत भरून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. आतली अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग डब्यात भरा. लगेच उघडलीत तर दाण्यांवर दव धरतं.

या तीन गोष्टी घरात नकोत

- सेल्फॉसची गोळी. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. बंद घरात या गोळ्यांनी माणसं दगावली आहेत. तिचा वापर प्रशिक्षित, परवानाधारक लोकांनी गोदामात करायचा असतो. कुणी 'दोन गोळ्या टाका, वर्षभर निश्चिंत' म्हणून दिल्या तर घेऊ नका.
- बोरिक पावडर. तांदळाला लावायची सवय अनेक घरांत आहे, तीच वालालाही लावली जाते. अन्नात मिसळण्याची तिला परवानगी नाही आणि धुऊन ती पूर्ण जाईलच असं नाही.
- पाऱ्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या टिकड्या. पारा हे विष आहे. फुटलेली टिकडी धान्यात मिसळली तर वेचता येत नाही.

भुंगे झालेच तर: टाकायचं की वाचवायचं?

- चार-दोन भोकं, दाणे टणक: चाळा, पाखडा, पाण्यात टाकून तरंगणारे दाणे काढा. उरलेलं लगेच भिजवून वापरा. लगेच वापरायचं नसेल तर पाण्याऐवजी ऊन द्या, मग फ्रीजरमध्ये ठेवा.
- पीठ पडलंय, बरेच दाणे पोकळ: खाण्यात अर्थ नाही. पिशवीत बंद करून टाका. डबा गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवा आणि शेजारचे डबेही तपासा.
- बुरशी, हिरवट-काळे डाग, कुबट वास: एकही दाणा वाचवू नका. काही बुरशींचं विष शिजवूनही जात नाही. हे कोंबड्या-गुरांनाही घालू नका.

शिजलेलं आणि सोललेलं किती दिवस?

- सोललेल्या डाळिंब्या फ्रिजमध्ये दोन दिवस, फ्रीजरमध्ये दोन महिने. फ्रीजरमधून थेट फोडणीत टाका, वितळवत बसू नका.
- शिजलेली उसळ दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, पसरट भांड्यात. तीन दिवसांत संपवा, प्रत्येक वेळी लागेल तेवढीच काढून उकळी येईपर्यंत गरम करा.
- वीज बराच वेळ गेली तर फ्रिज उघडू नका. चारेक तासांपर्यंत गारवा टिकतो. त्यापुढे खोबरं घातलेलं बिरडं ठेवण्याचा मोह आवरा.

ग्राहक म्हणून तुमचे हक्क

पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि चौदा अंकी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक असायला हवा. पॅकिंगची तारीख म्हणजे पिकाची तारीख नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवा. दोन वर्षांचा राजमाही कालच्या तारखेच्या पाकिटात असू शकतो. इथेही मुठीची परीक्षाच कामी येते.

पाकीट किडकं निघालं तर:

१. पाकीट फेकू नका. फोटो काढा, उरलेला माल आणि बिल जपा.

२. दुकानदाराकडे बदली किंवा पैसे मागा. बहुतेक प्रश्न इथेच मिटतात.

३. न मिटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. भेसळ किंवा रंगाचा संशय असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे, वजनात मारल्याचा संशय असेल तर वैधमापन विभागाकडे तक्रार द्या.

४. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. रायगडचा आयोग अलिबागला आहे.

आणखी एक हक्क फारसा कुणी वापरत नाही. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार तुम्ही स्वतः शुल्क भरून विकत घेतलेला माल अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकता. अट एवढीच, की तपासणीचा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. माल सदोष ठरला तर शुल्क परत मिळतं.

वाडीवरून आपल्या शेतातले वाल घेऊन बसलेल्या मावशीकडे मात्र परवाना मागत बसू नका. स्वतःच्या शेतातला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला हा कायदा लागू नाही. तिला विचारायचा प्रश्न वेगळा: "यंदाचे आहेत का? ऊन दिलंय का?" उत्तर खरं निघालं तर पुढच्या चैत्रात तिच्याकडेच जा.

वर्षाचा हिशेब

- फाल्गुन-चैत्र: मूठभर आणा, मोडून पाहा, मग साठा घ्या.
- वैशाख: ऊन, गारवा, लेप, डबे.
- ज्येष्ठ ते भाद्रपद: मोठा डबा महिन्यातून एकदाच उघडा. रोजच्या डब्यावर पंधरवड्याला नजर टाका.
- आश्विन: ऊन पडलं की उरलेल्या साठ्याला पुन्हा एक दिवस ऊन.
- पौष-माघ: तळाचे वाल संपवा. पन्नासातले किती मोडतात ते पुन्हा मोजा आणि डब्याच्या चिठ्ठीवर लिहा. यंदा साठवण कशी झाली याचा तो निकाल. आकडा पस्तिसाच्या खाली आला असेल तर येत्या चैत्रात साठा निम्मा घ्या आणि ऊन एक दिवस जास्त द्या.